कराडात बसून इडिटारॉड कशी बघायची

मार्चच्या पहिल्या शनिवारी कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवशी अमेरिकेच्या अलास्का राज्यातल्या अँकरेज शहरात इडिटारॉड शर्यतीतल्या, कुत्र्यांनी बर्फावरून ओढायच्या स्लेजगाड्यांची मिरवणूक निघते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, विलो नावाच्या गावातल्या गोठलेल्या तळ्यावरून खरी शर्यत सुटते. शेवट बेरिंग समुद्राकाठच्या नोम गावात. अंतर साधारण 1,000 मैल, म्हणजे 1,600 किलोमीटर. मध्ये डोंगर, जळून गेलेलं जंगल, गोठलेली युकॉन नदी आणि शेवटी शेवटी समुद्रावरचा बर्फ. एका गाडीला एक माणूस आणि सुरुवातीला चौदा-सोळा कुत्री. गाडी हाकणाऱ्याला तिकडे मशर म्हणतात. लगाम नाही, कासरा नाही. पुढच्या कुत्र्याला 'जी' म्हटलं की उजवीकडे आणि 'हॉ' म्हटलं की डावीकडे, एवढ्यावर सगळी रांग वळते.

मी कराड तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली. ही शर्यत मी बरीच वर्षं इथूनच बघते. घरी येणारे लोक विचारतात, पडद्यावरच्या आकड्यांत आणि हलणाऱ्या ठिपक्यांत एवढं काय असतं? ज्यांना खरंच बघायचं आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहिते. सुरुवातीलाच एक सांगते: गाडी किती जोरात पळते हे बघत बसलात तर दोन दिवसांत कंटाळाल. कोण कुठे थांबलं, किती वेळ थांबलं आणि त्या वेळात कुत्र्यांनी खाल्लं का, हे बघा.

आधी घड्याळ. अलास्का आपल्यापेक्षा साडेचौदा तास मागे आहे. तिथे रविवारी दुपारी 2 ला शर्यत सुटते तेव्हा आपल्याकडे सोमवारचे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेतेरा तासांचा होतो. एखाद्या वर्षी सुटण्याचा रविवारच दुसरा रविवार असतो, तेव्हा साडेतीनलाच उठायचं. जागरण एवढ्या एकाच दिवसाचं. पुढे त्याची गरज पडत नाही, कारण या कुत्र्यांना थंडी नाही, ऊन जड जातं. शून्याच्या जवळपासची हवासुद्धा पळणाऱ्या हस्कीला, म्हणजे गाडी ओढणाऱ्या या दाट केसांच्या कुत्र्याला, गरम होते. म्हणून बरेच मशर भर दुपारी कुत्र्यांना विसावा देतात आणि संध्याकाळी, रात्री, पहाटे पळवतात. तिथले सकाळी 11 ते संध्याकाळी 5 म्हणजे आपले रात्री दीड ते सकाळी साडेसात. आपण झोपेत असतो तेव्हा तीही गवतावर अंग टाकून पडलेली असतात, आणि आपण कामाला लागतो तेव्हा तिथे गाड्या निघतात. मी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी एकदा, दुपारी जेवताना एकदा आणि रात्री निजायच्या आधी एकदा बघते. तेवढं पुरतं.

शर्यतीच्या संकेतस्थळावर निकालाचा तक्ता फुकट दिसतो. गाड्यांवर जीपीएस असतं, पण त्याचा नकाशा बघायचा तर पैसे भरावे लागतात. पहिल्या वर्षी ते भरू नका, तक्ता वाचायला शिका. मशरचं नाव, छातीवरचा क्रमांक, शेवटचा चेकपॉइंट म्हणजे वाटेतला नोंदीचा थांबा, तिथे पोचल्याची वेळ, आत येताना किती कुत्री, निघाल्याची वेळ, निघताना किती कुत्री, मागच्या टप्प्याला लागलेला वेळ, वेग, आणि सक्तीची विश्रांती झाली की नाही, हे सगळं त्यात असतं. वेग ताशी मैलांत असतो, दीडपटीपेक्षा थोडं जास्त धरलं की किलोमीटर येतात. सुरुवातीच्या टप्प्यांत ताशी 8-9 मैल चांगले, उत्तरार्धात 6-7 वर आले तरी बिघडलं नाही.

रस्ता दरवर्षी तोच नसतो. सम वर्षी उत्तरेची वाट, विषम वर्षी दक्षिणेची. दोन्ही ओफिर नावाच्या चेकपॉइंटला फुटतात आणि युकॉनवरून जाऊन कॅलटॅगला पुन्हा एक होतात. बर्फच नसेल तर सगळंच बदलतं. 2003, 2015, 2017 आणि 2025 मध्ये शर्यत विलोऐवजी उत्तरेकडच्या फेअरबँक्सहून सोडावी लागली. त्यामुळे आधी त्या वर्षीच्या चेकपॉइंटांची यादी वहीत उतरवून घ्या, प्रत्येकासमोर अंतर लिहा.

आता मुख्य गोष्ट, आणि इथेच नवखा बघणारा फसतो. प्रत्येक मशरला वाटेत एकदा सलग 24 तास थांबणं सक्तीचं आहे. कुठल्या चेकपॉइंटवर थांबायचं ते त्याने ठरवायचं. शिवाय युकॉनच्या पट्ट्यात एकदा 8 तास, आणि नोमच्या अलीकडे 77 मैलांवर व्हाइट माउंटनला सगळ्यांनी 8 तास. पहिल्या तीन-चार दिवसांत तक्त्यात वर दिसणारा माणूस खरा पुढे असेलच असं नाही. त्याचे 24 तास कदाचित अजून बाकी असतील.

माझा भाचा दहावीत होता तेव्हा त्याला हे समजावलं होतं. तो म्हणाला, "मावशी, हा तर पहिला आहे की, बारा तास पुढे आहे!" मी त्याला वही दिली. समजा एक मशर बुधवारी सकाळी 8 ला ओफिरला पोचला, 24 तास बाकी ठेवून. दुसरा त्याच्या मागे, अलीकडच्या टाकोटना चेकपॉइंटला 24 तास काढून, रात्री 8 ला ओफिरला आला. तक्त्यात पहिला बारा तास पुढे. पण त्याला अजून एक दिवस बसायचं आहे, म्हणजे हिशोबाने दुसराच बारा तास पुढे. अशी वजाबाकी प्रत्येकाची केली की शर्यत एकदम उघडी पडते. त्यात आणखी एक बारीक हिशोब आहे. गाड्या दोन-दोन मिनिटांनी सुटतात आणि 1 हा क्रमांक मानाचा म्हणून राखलेला असतो, त्यामुळे पहिली धावणारी गाडी 2 क्रमांकाची. 34 गाड्या असतील तर शेवटची 66 मिनिटं उशिरा सुटते. हा फरक 24 तासांच्या विश्रांतीत फेडला जातो: 2 क्रमांकाचा मशर 24 तास आणि वर 66 मिनिटं बसतो, शेवटचा बरोबर 24 तास. सगळ्यांची ही आणि युकॉनवरची 8 तासांची विश्रांती झाली की मगच तक्त्यावर विश्वास ठेवा.

दुसरी युक्ती. एखाद्याला 60 मैलांच्या टप्प्याला 11 तास लागले आणि वेग एकदम खाली दिसला तर लगेच 'दमला' म्हणू नका. बहुतेक वेळा तो वाटेतच मुक्काम करून निघालेला असतो. चेकपॉइंटवरून गवताची पेंढी आणि खाणं गाडीवर टाकायचं, गर्दीतून बाहेर पडायचं आणि झाडीत कुत्र्यांना शांत निजवायचं, ही अनुभवी मशरांची आवडती चाल आहे. ती तक्त्यात विश्रांती म्हणून दिसत नाही. पुढच्या टप्प्याचा वेग बघा. तो पुन्हा वर आला तर मधली झोप कामाला आली.

थांबल्यावर माणूस काय करतो हे डोळ्यांसमोर आणता आलं पाहिजे, नाहीतर 'विश्रांती 5 तास' हा नुसता आकडा राहतो. गाडी थांबली की आधी बर्फात लोखंडी आकडा रोवायचा. ओढायच्या दोऱ्या सोडवायच्या, म्हणजे कुत्र्यांना कळतं की आता बसायचं आहे. गवत पसरायचं. पायातले बूट काढायचे. 14 कुत्री म्हणजे 56 बूट, आणि निघताना तेवढेच पुन्हा चढवायचे, उणे 30 मध्ये, उघड्या बोटांनी. मग स्टोव्ह पेटवून बर्फ वितळवायचा. किमान 3 गॅलन, म्हणजे साधारण 11 लिटर पाणी उकळेल एवढं भांडं जवळ असणं नियमानेच बंधनकारक आहे. त्या पाण्यात मांस, चरबी आणि कोरडं खाद्य कालवून पातळ करून द्यायचं, कारण थंडीत कुत्रं नुसतं पाणी पीत नाही, खाण्यातून पितं. मग एकेका पायाची बोटं फाकवून मलम, मनगट आणि खांद्याला चोळणं. तोवर डॉक्टर येतात. हे सगळं झाल्यावर माणसाचं जेवण आणि उरली तर तास-दीड तास झोप.

20-25 किलोचं हे कुत्रं शर्यतीत दिवसाला 10 ते 12 हजार कॅलरी जाळतं, आणि त्यातला मोठा वाटा चरबीतून येतो. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातल्या मायकेल डेव्हिस यांनी या कुत्र्यांवर बराच अभ्यास केला आहे. पहिल्या एक-दोन दिवसांच्या धावण्यात त्यांच्या स्नायूंतली साठवलेली साखर उतरते, पण पुढे त्यांचं शरीर इंधनाचा हिशोबच बदलतं, आणि रोज तेवढंच पळूनही ती साखर आणखी खाली जात नाही. आम्ही शिकलेल्या शरीरशास्त्रात असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पण हे सगळं चालतं ते पोट चालू आहे तोवर. म्हणून बातमीत 'कुत्र्यांनी खाणं टाकलं' हे वाक्य आलं की त्या मशरच्या नावापुढे वहीत फुली मारा. पुढच्या शंभर मैलांत त्याचा वेग घसरतो.

वाटेवरचे डॉक्टर कुत्रं कसं तपासतात ते ऐका, कारण तसंच तुम्हाला बातम्या वाचायच्या आहेत. हृदय आणि अंगातलं पाणी, भूक आणि हुशारी, वजन, फुप्फुसं, याच क्रमाने. त्यानंतर पाय. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी आणि रक्ततपासणी झालेली असते, आणि मशरजवळच्या वहीत प्रत्येक चेकपॉइंटवर डॉक्टरची नोंद होते.

हे वाचताना मला इथला हंगाम आठवतो. कारखाने सुरू असतात तेव्हा ऊसतोडीच्या गाड्यांचे बैल माझ्याकडे येतात, कुणाचा खांदा आलेला, कुणाची पत्री निघून खूर झिजलेला. चांगला गाडीवान जू उतरवलं की आधी खांद्यावरून हात फिरवतो, गरम लागतंय का बघतो, आणि मग चहाला जातो. तिथेही तेच. ज्याचा हात आधी कुत्र्याच्या मनगटाकडे जातो त्याच्या गाडीला शेवटपर्यंत जास्त कुत्री राहतात. पट्टा काखेत घासला, बोटांत बर्फाचे गोळे अडकले, खांदा आखडला, हे वेळीच दिसलं तर एका रात्रीत निभावतं.

म्हणून 'आत किती, बाहेर किती' हे कुत्र्यांचे रकाने रोज लिहून ठेवा. नवं कुत्रं मध्येच घेता येत नाही, फक्त काढता येतं. काढलेलं कुत्रं चेकपॉइंटवर डॉक्टरांच्या ताब्यात राहतं आणि विमानाने परत जातं. शेवटी नोमला किमान 5 कुत्री गाडीला जुंपलेली असावी लागतात. संख्या कमी झाली म्हणजे मशर हरला असं समजू नका. लंगडणाऱ्या कुत्र्याला वेळेत घरी पाठवणारा माणूस मला आवडतो. पण निम्म्या वाटेवरच कुणी 9 वर आला असेल तर त्याने सुरुवातीला फार ओढलं, एवढं कळतं.

युकॉन सोडून कॅलटॅगहून उनालक्लीटला पोचले की किनारा लागतो आणि इथून वाऱ्याचं राज्य. शाकतूलिक ते कोयुक साधारण 50 मैल, त्यातला बराचसा समुद्रावरचा बर्फ. 1985 मध्ये लिबी रिडल्स याच शाकतूलिकहून वादळात निघाली. बाकीचे थांबले, आणि ही शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढच्याच वर्षी सुसान बुचर जिंकली, एकूण चार वेळा. बायका आणि पुरुष इथे एकाच तक्त्यात असतात. माझ्या दवाखान्यात अजूनही कुणी 'डॉक्टर साहेब कुठे आहेत?' असं विचारत येतो, त्यामुळे ही नावं मी मुलींना मुद्दाम सांगते.

व्हाइट माउंटनहून निघालेला पहिला माणूस जिंकणारच असं समजून तक्ता बंद करू नका. 2014 चं वर्ष त्यासाठी वाचा. जेफ किंग पुढे निघाला होता, त्याच्या मागे अ‍ॅली झर्कल, आणि बऱ्याच अंतराने डॅलस सीव्ही. सेफ्टी नावाच्या शेवटच्या चेकपॉइंटच्या अलीकडे वाऱ्याने किंगची गाडी वाटेवरून उडवली, त्याला शर्यत सोडावी लागली. झर्कल सेफ्टीला पोचली आणि वारा बघून तिथे थांबली. सीव्ही वादळातून तसाच पुढे गेला. आपण तिसरे आहोत अशीच त्याची समजूत होती. मागून येणारा हेडलॅम्प आपल्या वडिलांचा आहे असं त्याला वाटत होतं. नोमला पोचून गाडीवर दमून बसला तेव्हा लोकांनी त्याला सांगितलं की तो जिंकला आहे. मागचा दिवा झर्कलचा होता, 2 मिनिटं 22 सेकंदांवर. नकाशावर ठिपके बघणाऱ्या जगभरच्या लोकांना जे दिसत होतं ते त्या बर्फात असलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं. सेफ्टी ते नोम हे शेवटचे 22 मैल चालू असताना मी हातातलं काम बाजूला ठेवते.

या शर्यतीत कुत्री मरतात हेही माहीत असू द्या, ते झाकून बघू नका. 2024 मध्ये तीन कुत्री दगावली, 2025 मध्ये एक. शर्यत पूर्ण केलेल्या कुत्र्यांची एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने पोटाची आतून तपासणी, केली तेव्हा जवळपास निम्म्यांच्या जठरात व्रण किंवा खरचटल्याच्या खुणा सापडल्या, आणि त्यानंतर आम्लपित्ताच्या गोळ्या आधीपासून देण्याची पद्धत आली. प्राणिहक्कांच्या संघटनांचा शर्यतीला विरोध आहे, तो वाचा. मी स्वतः अशा मताची आहे की पळण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या कुत्र्याला पळू न देणं ही दया नाही. पण प्रत्येक मृत्यूची शवचिकित्सा झाली पाहिजे आणि तिचा निष्कर्ष लोकांसमोर आला पाहिजे. त्या अहवालांमुळे नियम बदलले तरच शर्यतीला पुढे चालू राहण्याचा हक्क आहे.

आणि शर्यत बघून हस्की विकत घेऊ नका. हे मी हात जोडून सांगते. कराड, सांगली, मिरज भागात गेल्या काही वर्षांत फ्लॅटमध्ये सायबेरियन हस्की दिसू लागले आहेत. एप्रिलमध्ये 40 अंशांत त्या दुहेरी केसांच्या कोटाखाली जनावर काय सोसतं ते मी टेबलावर बघते: धाप, लाळ, वर चढत गेलेला ताप, ओल धरून बुरशी आलेली कातडी. दिवसभर एसी लावून प्रश्न सुटत नाही, कारण मग ते पळणार कधी? शिवाय शर्यतीत धावतात ती बहुतेक अलास्कन हस्की, दिसण्यासाठी नाही तर कामासाठी जोपासलेली, संमिश्र रक्ताची. दुकानातल्या निळ्या डोळ्यांच्या पिल्लाशी त्यांचा संबंध दूरचा आहे. कुत्र्याबरोबर पळायचंच असेल तर आपलं गावठी कुत्रं घ्या. जतकडे लोक कारवान पाळतात, तेही या हवेतलं आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा घालून, डांबर सोडून मातीच्या वाटेने पळा. दर थांब्याला पाणी द्या आणि घरी आल्यावर पंजे उलटून बघा. जीभ रुंद होऊन बाजूला लोंबायला लागली की तिथेच थांबा.

पहिल्या वर्षी सगळ्या गाड्यांच्या मागे लागू नका, तीन निवडा. एक पहिल्या पाचांतला, एक मधला, आणि एक पहिल्यांदाच उतरलेला. नवख्यालाही आधी एकूण 750 मैलांच्या पात्रता शर्यती पूर्ण कराव्या लागतात, त्यामुळे तो कच्चा नसतो. पण त्याच्या थांब्यांत आणि जुन्याच्या थांब्यांत फरक दिसतो, आणि त्यातूनच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. जुना माणूस चेकपॉइंटवर प्रत्येक हालचाल एकदाच करतो, नवख्याचे पहिले दोन तास सामान शोधण्यात जातात.

विजेता आला की बघणं सोडू नका. 1973 च्या पहिल्या शर्यतीत डिक विलमार्थ सुमारे 20 दिवसांत पोचला, शेवटच्याला 32 दिवस लागले. 2017 मध्ये मिच सीव्हीने 8 दिवस 3 तासांत अंतर तोडलं. आताही शेवटचा मशर विजेत्यानंतर तीन-चार दिवसांनी येतो आणि त्याला लाल कंदिलाचा मान मिळतो. तो येईपर्यंत नोममधल्या शेवटच्या रेषेवरच्या कमानीवर एक दिवा पेटता ठेवतात. शेवटच्या पाच-सहा गाड्यांच्या कुत्र्यांची संख्या आणि वेग माझ्या वहीत नेहमी लिहिलेला असतो, कारण तिथे घाई नसते आणि जनावरांची निगा नितळ दिसते.

माझ्यासारखे पशुवैद्य हे वाचत असतील तर त्यांना एक वाट सांगते. इडिटारॉडला दरवर्षी 50 च्या आसपास डॉक्टर स्वयंसेवक म्हणून लागतात, इतर देशांतलेही जातात. काही वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि स्लेज कुत्र्यांच्या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व लागतं. शिरवळच्या मुलांनी आतापासून कुत्र्यांच्या खांद्याच्या आणि मनगटाच्या तपासणीवर हात बसवावा. गाडीतून काढावी लागणारी बरीचशी कुत्री त्याच दोन सांध्यांमुळे थांबतात.

आणि ज्यांना अलास्काची वेळ जमतच नाही त्यांनी नॉर्वेची फिनमार्क्सलोपेत बघावी. तीही मार्चमध्येच असते, आल्टाहून सुटून आल्टालाच परत येते, लांबचा गट सुमारे 1,200 किलोमीटरचा. नॉर्वे आपल्यापेक्षा फक्त साडेचार तास मागे आहे आणि तिथल्या सरकारी प्रसारणाने ती काही वर्षं थेट दाखवली आहे. भाषा कळली नाही तरी चालतं. मशर वाकून कुत्र्याचा पाय हातात घेतो तेव्हा काय बघायचं ते तोवर तुम्हाला कळू लागलेलं असतं.